पूर ओसरल्यानंतर शेतकरी कुटुंबाला आणि त्यांच्या शेजाऱ्यांना मदत कोणत्या क्रमाने करावी?

प्रश्न

आमच्या ओळखीचे एक शेतकरी कुटुंब नदीकाठच्या वस्तीवर राहते. यंदाच्या पुरात त्यांच्या घरात कंबरेइतके पाणी शिरले आणि शेतात ते जवळपास आठवडाभर साचून राहिले. माणसे आणि बहुतेक जनावरे वेळेवर उंचावर हलवल्यामुळे वाचली. मात्र उभे पीक कुजले, वैरणीची गंजी भिजली, विहिरीत पुराचे गढूळ पाणी उतरले आणि नदीकडच्या तुकड्यावर वाळूचा थर बसला आहे. त्यांच्या आजूबाजूला आणखी चार-पाच घरे आहेत. त्यांपैकी एक जण दुसऱ्याची जमीन बटाईने करतो आणि एका घराला स्वतःची जमीनच नाही. ते मजुरीवर जगतात.

आम्ही काही मित्रमैत्रिणींनी थोडी रक्कम जमवली आहे आणि सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन काम करण्याचीही आमची तयारी आहे. परंतु शेतीची माहिती आमच्यापैकी कोणालाच पुरेशी नाही. कुटुंबाला काय हवे असे विचारले, तर 'तुम्ही आलात हेच पुष्कळ झाले' यापलीकडे ते काही बोलत नाहीत. आधी घर, की शेत, की जनावरे? वस्तू द्याव्यात की पैसे? आणि एकाच घराला मदत केल्यामुळे शेजाऱ्यांत दुरावा येऊ नये, यासाठी काय करावे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

पहिला प्रतिसाद

मदतकार्यात अनेक वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ओळख एकाच घराशी असली तरी काम वस्तीचे म्हणूनच हाती घ्यावे. एका शेतातले पाणी काढण्यासाठी चर खणला की ते खालच्या शेतात उतरते. विहीर एकाच्या नावावर असली तरी तिच्यावर चार घरे पाणी भरतात. मेलेले जनावर एकाच्या बांधाला लागले असले तरी त्यापासून पसरणारा रोग बांध ओळखत नाही. त्यामुळे आपल्या ओळखीच्या घराचे पुनर्वसन शेजाऱ्यांना वगळून होऊच शकत नाही, आणि दुराव्याच्या शंकेलाही हेच उत्तर आहे. पहिल्या भेटीत सगळ्या घरांतील स्त्रीपुरुषांना एकत्र बसवावे, जमलेली रक्कम किती आहे ते उघडपणे सांगावे आणि कोणते काम आधी करायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे. 'काय हवे?' या प्रश्नाला संकोचामुळे उत्तर मिळत नाही. 'उद्या सकाळी सगळ्यात आधी कोणते काम उरकले पाहिजे?' असे विचारले की लोक मोकळेपणाने बोलू लागतात.

तरीही सुरक्षिततेच्या काही बाबींवर आपण आग्रही राहिले पाहिजे. घरात शिरण्यापूर्वी मुख्य स्विच बंद असल्याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. पायाखाली पाणी असताना स्विचला हात लावू नये. पाण्यात बुडालेली विहिरीवरची मोटर किंवा स्टार्टर 'चालतो का बघू' म्हणून सुरू करण्याचा मोह अनेकांना होतो आणि त्यात वाइंडिंग जळून दुरुस्तीचा खर्च कितीतरी वाढतो. मोटर उघडून, स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन, पूर्ण वाळवून, इन्सुलेशन तपासून आणि बेअरिंगला नवे ग्रीस भरूनच ती जोडावी. एक चांगला मोटर दुरुस्ती करणारा कारागीर वस्तीवर मुक्कामी नेऊन सगळ्या घरांच्या मोटरी एकाच फेरीत तपासून घेणे, हा आपल्या पैशाचा उत्तम उपयोग ठरेल.

मातीच्या भिंतींबाबत सावध राहावे. त्या पाण्यात उभ्या राहिल्या तरी पाणी उतरल्यानंतर, वाळताना, ढासळू शकतात. म्हणून भिंतीला फुगवटा किंवा नवी भेग दिसल्यास त्या खोलीत काम करू नये. गाळ मात्र ओला असतानाच उपसावा, कारण वाळल्यावर तो दगडासारखा घट्ट बसतो. गाळ काढणाऱ्या प्रत्येकाच्या पायात गमबूट आणि हातात रबरी मोजे असावेत. पुराच्या पाण्यात उंदीर आणि जनावरांचे मूत्र मिसळलेले असते आणि त्यातील लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्वचेवरच्या साध्या खरचटलेल्या जागेतून शरीरात शिरतात. नंतरच्या दोन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे किंवा डोळ्यांत लाली आढळली, तर 'पुराच्या पाण्यात काम केले होते' हे डॉक्टरांना न विसरता सांगावे. धनुर्वाताची लस आधीच घ्यावी.

आता विहीर. भोवतालच्या जमिनीत पाणी तुडुंब असताना विहीर घाईने उपसली, तर बाहेरच्या दाबामुळे बांधकाम आत कोसळू शकते. म्हणून परिसरातील पाणीपातळी खाली गेल्यावरच उपसा करावा. गाळ काढून, कठडा घासून, विहीर पुन्हा भरू द्यावी आणि मग पाण्याचे प्रमाण काढावे: मीटरमध्ये व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ०.७८५. उत्तर घनमीटरमध्ये येते आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ते सुमारे २८,००० लिटर भरते. पुरानंतरच्या पहिल्या निर्जंतुकीकरणासाठी दर १,००० लिटरला सुमारे २० ग्रॅम क्लोरीन लागते. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण एक तृतीयांश क्लोरीन असते, म्हणजे पावडर दर १,००० लिटरला ६० ग्रॅम आणि या विहिरीला सुमारे पावणेदोन किलो पडेल. पावडर बादलीत कालवून, चोथा खाली बसू देऊन, वरचे पाणी विहिरीत सोडावे, रात्रभर तसेच ठेवावे आणि क्लोरीनचा उग्र वास जाईपर्यंत उपसून टाकावे. त्यानंतर पाण्याची तपासणी होईपर्यंत पिण्याचे पाणी खळखळून उकळलेलेच असावे. एक गोष्ट विसरू नये: कीटकनाशकाचे डबे किंवा डिझेल पुरात वाहून आले असेल, तर उकळल्याने आणि क्लोरीननेही ते पाणी पिण्याजोगे होत नाही. अशा विहिरीचे पाणी प्रयोगशाळेचा निर्णय येईपर्यंत माणसांना आणि जनावरांनाही देऊ नये.

वस्तू की पैसे, याविषयी: पहिल्या आठवड्यात गमबूट, फावडी, घमेली, ताडपत्री, ब्लीचिंग पावडर आणि पाणी साठवण्याची झाकणाची भांडी या वस्तू न्याव्यात. पुढे, जवळचा बाजार सुरू झाला असेल, तर रोख रक्कम देणेच योग्य. जुने कपडे गोळा करून नेऊ नयेत. ते निवडण्यात आणि वाळवण्यात त्यांचाच वेळ जातो.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. त्यात कागदपत्रांची भर घालतो, कारण सफाईच्या घाईत पुरावाच धुतला जातो.

काहीही हलवण्यापूर्वी घर, गोठा, शेत, वाळूचा थर, बुडालेली यंत्रे आणि मेलेली जनावरे यांची छायाचित्रे तारखेसह काढावीत. भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटते, तिच्याजवळ माणूस उभा करून एक छायाचित्र जरूर घ्यावे. वाळूच्या थरात काठी खुपसून तिच्या शेजारी मोजपट्टी धरावी. नुकसानीचा पंचनामा होईपर्यंत खराब धान्याचा एखादा नमुना बाजूला ठेवावा. विम्याची मुदत बहुधा फार थोडी असते, म्हणून त्याची सूचना पहिल्याच दिवशी द्यावी आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी.

भिजलेली जमिनीची कागदपत्रे, बँकेची पुस्तके आणि शाळेचे दाखले उन्हात टाकू नयेत, तसेच चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. सावलीत, वाऱ्यावर, खाली टिपकागद किंवा सुती कापड घालून ती वाळवावीत. चिकटलेला गठ्ठा असेल आणि जवळ कोणाचा फ्रीझर चालू असेल, तर तो पिशवीत घालून गोठवावा. बुरशी थांबते आणि सावकाश वाळवायला वेळ मिळतो. शाई फुटत असेल, तर आधी छायाचित्र काढून घ्यावे.

बटाईने जमीन करणाऱ्या शेजाऱ्याकडे विशेष लक्ष द्या. पीक त्याचे बुडाले, पण कागदावर जमीन दुसऱ्याची असल्याने भरपाई मालकाच्या खात्यात जाण्याची शक्यता असते. मालक, बटाईदार आणि दोन शेजारी यांनी बसून, पीक कोणी केले होते आणि रक्कम मिळाल्यास तिची वाटणी कशी होईल, हे आत्ताच लिहून सह्या कराव्यात. रक्कम आल्यानंतर अशी बोलणी सुरू केली तर ती कडू होतात.

प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सगळ्यांना एकत्र बसवण्याची सूचना आम्ही लगेच अमलात आणली. मजुरी करणाऱ्या घरातील बाईंनी सर्वप्रथम विहिरीचेच नाव घेतले आणि मग इतरांनीही त्याला दुजोरा दिला. त्यामुळे गाळ उपसण्याचे काम तिथूनच सुरू होत आहे.

आता दोन अडचणी आहेत. कुटुंबातील मुलगा ट्रॅक्टर भाड्याने आणून लगेच नांगरट करू म्हणतो, म्हणजे हंगाम हातचा जाणार नाही. वडील मात्र थांबा म्हणतात. दुसरे असे की भिजलेली वैरण उन्हात पसरून वाळवल्यावर जनावरांना घालता येईल का?

तिसरा प्रतिसाद

मी मृदाशास्त्राशी संबंधित काम करतो. वडिलांचे म्हणणे बरोबर आहे, आणि मुलाची घाई समजण्याजोगी असली तरी तिची किंमत पुढचे अनेक हंगाम मोजावी लागेल.

जमिनीत पाणी साचते, तेव्हा मातीच्या कणांमधील हवेची जागा पाणी घेते. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे एक-दोन दिवसांतच मुळांचा श्वास कोंडतो. मातीतील जिवाणू मग नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र (नायट्रोजन) वायुरूपाने उडून जाते. उरलेले काही पाण्याबरोबर खाली झिरपते. आपण दिलेले नत्रखत शिल्लक असेल, असे धरून पुढचे नियोजन करू नये. यातच ओल्या जमिनीवर ट्रॅक्टर घातला, तर चाकांच्या भाराने कण दाबले जातात आणि नांगराच्या तळाशी एक कडक थर तयार होतो. पुढच्या पावसात पाणी तिथेच अडते, मुळेही तिथेच वळतात. हा थर फोडायला खर्च आणि काळ दोन्ही लागतात.

वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आला की नाही, हे वरून पाहून कळत नाही. वर पापुद्रा वाळतो आणि खाली चिखल राहतो. वीतभर खोलीवरची माती मुठीत घेऊन दाबावी. तयार झालेला गोळा अंगठ्याने सहज फुटला तर जमीन तयार आहे. अंगठ्याखाली चपटा होऊन चिकट पट्टी निघाली तर थांबावे. दरम्यानच्या काळात करण्यासारखे खरे काम निचऱ्याचे आहे. बुजलेले चर आणि ओढ्याची तोंडे मोकळी करावीत आणि ते सगळ्यांनी मिळून, खालच्या शेतापासून वरच्या शेताकडे जात करावे, म्हणजे कोणाच्या रानात दुसऱ्याचे पाणी अडणार नाही.

वाळूच्या थराबाबत आधी जाडी मोजावी, तीही एकाच ठिकाणी नव्हे. पाच सेंटिमीटरपर्यंतचा थर साध्या मशागतीत मिसळून जातो. पाच ते वीस सेंटिमीटरपर्यंत खोल नांगरटीने खालची माती वर आणून मिसळता येते. त्याहून जाड थर आधी पसरून पातळ करावा किंवा उचलावा लागतो आणि साठ सेंटिमीटरच्या वर गेल्यास तो तुकडा पूर्ववत करण्याचा खर्च परवडतो का, याचा शांतपणे विचार करावा लागतो. बारीक गाळ मात्र निराळा. तो कित्येकदा पोषक असतो, पण वाळताना पापुद्रा धरतो आणि उगवणारे कोंब अडवतो, म्हणून पेरणीपूर्वी तो फोडून मिसळावा. वरच्या बाजूला कारखाने, सांडपाणी किंवा इंधनाचे साठे असतील तर गाळाची तपासणी केल्याशिवाय पालेभाज्या आणि कंदमुळे घेऊ नयेत.

जेसीबी लावण्यापूर्वी सीमा निश्चित करणे अत्यावश्यक आहे. बांध वाहून गेलेले असतात, सीमेचे दगड गाळाखाली असतात, आणि यंत्राने सपाटीकरण केल्यानंतर आपले रान नेमके कुठवर होते, हे कोणालाच सांगता येत नाही. शेजाऱ्यांनी एकत्र फिरून खुणांचे खुंट ठोकावेत, छायाचित्रे काढावीत आणि मगच यंत्र आत घ्यावे. इतका एक दिवस दिला, तर वर्षानुवर्षांचे भांडण टळते.

आणखी एक धोका सहसा कोणी सांगत नाही. जमीन दीर्घकाळ पाण्याखाली राहिली आणि नंतर मोकळीच पडून राहिली, तर मुळांना स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देणारी मायकोरायझा ही उपयुक्त बुरशी जगवणारी जिवंत मुळे उरत नाहीत आणि तिचे प्रमाण घटते. पुढच्या हंगामात पीक उगवते, पण मका किंवा तत्सम पिकाची पाने जांभळट होतात आणि वाढ खुंटते. अमेरिकेत मिसिसिपी आणि मिझुरी नद्यांच्या १९९३ च्या महापुरानंतर हा प्रकार ठळकपणे आढळला होता. म्हणून वाफसा येताच, मुख्य पिकाचा हंगाम हुकला असला तरी, ताग किंवा चवळी यांसारखे काहीतरी पेरून जमीन मुळांनी भरलेली ठेवावी आणि पुढच्या पिकाला स्फुरदयुक्त खत बियाण्याच्या जवळ, ओळीत द्यावे. मुलाची काहीतरी पेरण्याची इच्छा अशा रीतीने पूर्ण होईल.

घरचे बियाणे भिजण्यापासून वाचले असले तरी दमट हवेत त्याची उगवणशक्ती घटलेली असू शकते. शंभर दाणे ओल्या कापडात गुंडाळून ठेवावेत आणि आठवडाभराने मोड आलेले मोजावेत. सत्तरच्या खाली आकडा आला, तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे. पन्नासच्या आसपास असेल तर त्यावर विसंबू नये.

चौथा प्रतिसाद

वैरणीच्या प्रश्नाचे उत्तर पशुवैद्यक या नात्याने देतो. पुराच्या पाण्यात बुडालेली आणि बुरशी धरलेली वैरण वाळवली तरी घालू नये. बुरशीचे विष वाळवल्याने किंवा शिजवल्यानेही जात नाही, आणि हेच भिजून काळ्या पडलेल्या धान्यालाही लागू आहे, माणसांच्या आणि जनावरांच्याही. नुसती पावसाने वरवर भिजलेली, वास न येणारी पेंढी असेल तर ती लगेच सोडून पातळ पसरावी. ओली गंजी तशीच रचून ठेवली तर ती आतून तापते आणि काही आठवड्यांनी आपोआप पेटूही शकते. गंजीतून वाफ किंवा करपट गोडसर वास येऊ लागल्यास तिच्यावर चढू नये, कारण आत पोकळी जळालेली असते.

उपाशी जनावरांपुढे एकदम धान्य किंवा पेंड ठेवू नये; पोटात आम्लता वाढून जनावर दगावते. आधी स्वच्छ पाणी, मग कोरडी वैरण थोडी थोडी, आणि खुराक तीन-चार दिवसांत हळूहळू वाढवत न्यावा. बाहेरून वैरण आणायची असेल तर ती सगळ्या वस्तीच्या जनावरांसाठी एकत्र आणून, जनावरांच्या संख्येप्रमाणे वाटावी. जनावरांचे पाय दिवसातून काही तास तरी कोरड्या, उंच जागेवर असावेत, अन्यथा खुरांमध्ये कुजण्याचा रोग होतो. दुभत्या जनावरांची कास रोज पाहावी. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी दिलेल्या नसतील, तर स्थानिक पशुवैद्यकाला बोलावून सगळ्या वस्तीतील जनावरांचे लसीकरण एकाच दिवशी करून घ्यावे. एक गोठा राहिला तरी बाकीच्यांना धोका उरतो.

मेलेले जनावर पाण्याच्या स्रोतापासून दूर, उंचवट्यावर, किमान दीड-दोन मीटर खोल पुरावे. नाकातोंडातून काळपट, न गोठणारे रक्त आलेले असेल तर ते फाडू नये आणि त्याचे कातडेही काढू नये. ते काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे) लक्षण असू शकते; तिचे बीजाणू जमिनीत अनेक दशके टिकतात, पुराच्या पाण्याने वर येतात आणि माणसालाही बाधतात. अशा वेळी आधी पशुवैद्यकाला कळवावे.

पाचवा प्रतिसाद

आमचे घर पुरात गेले होते, तेव्हा आम्ही मदत घेणाऱ्यांच्या बाजूला होतो. म्हणून एवढेच लिहिते. पहिल्या पंधरवड्यात खूप माणसे येतात. खरा कठीण काळ त्यानंतर येतो: कर्जाचा हप्ता, मुलांची फी, पुन्हा पेरणीचा खर्च आणि घरात कोंदट वास. आपल्या रकमेतील निम्मा भाग त्या काळासाठी राखून ठेवा, आणि राखून ठेवला आहे हे त्यांना सांगा. पुढचे काहीतरी निश्चित आहे, एवढे कळल्यानेही रात्रीची झोप लागते.

घरातील कर्ता माणूस बोलेनासा झाला, जेवण टाळू लागला, जनावरे विकून टाकण्याच्या किंवा 'माझ्यामागे यांचे काय होईल' अशा गोष्टी करू लागला, तर ते थकव्यावर ढकलू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ, आपुलकीने विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात येत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आले तर त्यांना एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. गोठ्यात उरलेली कीटकनाशके कुलूपबंद पेटीत किंवा वस्तीबाहेरच्या एका ठिकाणी ठेवावीत. पुरानंतरच्या सफाईत हे काम सहज करता येते आणि त्यासाठी कोणाला कारणही द्यावे लागत नाही.

प्रश्नकर्त्याकडून

आपण सर्वांनी इतक्या तळमळीने लिहिलेत, त्याबद्दल कृतज्ञ आहे. नांगरट थांबवली आहे, आणि वडिलांनी स्वतः मूठभर माती दाबून मुलाला दाखवली. एक शेवटचा प्रश्न: भूमिहीन घराला नेमके काय द्यावे? त्यांचे शेत बुडालेले नाही, त्यामुळे भरपाईच्या यादीत त्यांचे नाव कुठेच येत नाही.

पहिल्या प्रतिसादकाकडून

त्यांचा हंगामच बुडाला आहे, कारण खुरपणी आणि कापणीची जी मजुरी त्यांना मिळाली असती, ती पिकाबरोबर गेली. विहिरीचा गाळ, चर मोकळे करणे, बांध घालणे, गोठ्यांची डागडुजी ही कामे आपण स्वयंसेवकांच्या श्रमदानातून पूर्ण करण्याऐवजी जमलेल्या रकमेतून त्यांना रोजची पूर्ण मजुरी देऊन करून घ्यावीत आणि आपण त्यांच्या हाताखाली राबावे. मजुरी स्त्रीपुरुषांना समान आणि त्याच संध्याकाळी द्यावी. ज्या घरात काम करण्यासारखे कोणी नाही किंवा कोणी आजारी आहे, तिथे रक्कम थेट द्यावी. कामाची अट घालू नये. बटाईदाराचे घरही याच कामात घ्या, म्हणजे त्याला पुढच्या पेरणीपर्यंत उचल घ्यावी लागणार नाही. चर खणण्याचे काम पावसाची पुढची सर येण्याआधी व्हायला हवे, म्हणून मजुरीची रक्कम या आठवड्यातच हातात ठेवा.